पाण्यात पाया पडायचं नाही

शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद कोरडा असला की पाय धरतो. ओला झाला की कुणालाच धरत नाही. म्हणून चारी बाजूंनी दोर सोडतात आणि दोरांना जुने टायर बांधतात. टायर लांबूनही दिसतो, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो.

*

लग्न कुणाचंही असो, सहादू थेटे मांडवाच्या तोंडाशी उभा राहतो. चपला काढून, पाय जुळवून, टोपी नीट करून. धाकटं कुणी वाकलं की लांब कुठेतरी बघत म्हणतो, "हं. सुखी राहा." जो वाकत नाही त्याला तो विसरत नाही. मनमाडच्या एका भाच्याशी तो दोन उन्हाळे बोलला नाही. भाचा रेल्वेत आहे. कमरेला पट्टा आहे म्हणून वाकता आलं नाही, असं त्याने कळवलं होतं.

"पट्टा कमरेला व्हता," सहादू म्हणाला. "मानेला नाय."

*

म्हैस पोहते तेव्हा नाक, डोळे आणि शिंगं एवढंच वर असतं. ती घाई करत नाही. पलीकडचा काठ नजरेत धरते आणि जाते.

*

नाशिकच्या द्वारका चौकात, रिक्षांच्या गर्दीत अंग चोरत, सहादूची बायको बयाबाई एका दुकानात शिरली आणि आंबे उतरवायचा झेला मागितला. लांब काठी, टोकाला जाळी.

"आजी, बाग केवढी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"बाग नाय," बयाबाई म्हणाली. "सून हाय."

*

"दोरीवर ही ट्रॅक्टरची ट्यूब कुणी वाळत घातली?"

"ट्यूब नाय मामा," सून म्हणाली. "माझा पोहायचा ड्रेस हाय."

सहादूने वर बघितलं. "आभाळ आलंय," तो म्हणाला आणि गोठ्याकडे गेला. आभाळ आलेलं नव्हतं.

*

मे महिन्यात धरणाचं पाणी काठ सोडून मागे सरकतं आणि गाळाची काळी जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ज्याची हिंमत तो तिथे टरबूज लावतो. त्या वर्षी सुनेच्या माहेरच्या चंदरने लावलं होतं.

*

"नियम सोपा आहे," पोहायला शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. "पाण्यात उतरल्यापासून पुन्हा कोरड्यात येईपर्यंत हात लावायचा नाही. होडीला नाही, माणसाला नाही."

"देवाला?" बयाबाईने विचारलं.

"देवाला चालेल."

*

रोहिणीचं माहेर धरणाच्या काठावरचं. बापाच्या म्हशी पलीकडे चरायला पोहत जायच्या आणि त्यांच्या मागे रोहिणी. कुणी शिकवलं नाही. म्हशींनी मान वर धरली, तिनेही धरली. लग्न होऊन ती नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे थेट्यांच्या घरी आली तेव्हा तिथलं पाणी म्हणजे ठिबकच्या नळीतून थेंबथेंब पडणारं. पुढे द्राक्षबागेच्या डोक्याला शेततळं खणलं. पाणी डोळ्यांना दिसू लागलं, पण त्यात उतरायचं कुणी नाव काढत नव्हतं.

रोहिणीवर उतरायची वेळ मोटारीमुळे आली, असं घरात सांगतात. तळ्यातल्या पाइपाच्या तोंडाला जाळीचा फुटवाल असतो. त्याला शेवाळ धरलं की मोटार नुसती ओरडते. पाइप वर ओढायला चार गडी लागतात. रोहिणी साडीचा काचा मारून आत गेली, बुडी मारली, शेवाळ ओरबाडलं आणि दोर धरून वर आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी बोलावलं. वर्षभरात आजूबाजूच्या सगळ्या शेततळ्यांचे फुटवाल थेट्यांच्या सुनेकडे आले. कुणी कोथिंबिरीची जुडी द्यायचं, कुणी नुसता चहा.

एकटा सहादू तळ्याकडे फिरकत नसे. गुडघा दुखतो म्हणायचा. त्याच गुडघ्याने तो गिरणाऱ्याच्या बाजाराला चालत जायचा.

तेजस्विनी मॅडम नाशिकहून द्राक्षं न्यायला आल्या होत्या. त्या शहरात पोहायला शिकवतात; तरुणपणी स्वतः समुद्रात पोहलेल्या. बांधावरून त्यांना दिसलं की एक बाई तळ्याच्या या टोकाला शेवाळाचा गोळा फेकते, त्या टोकाला दोर तपासायला जाते, परत येते, पुन्हा जाते, आणि तिला धाप म्हणून लागत नाही.

"किती वेळ पोहू शकतेस?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाकाला जायचं असतं म्हणून थांबते," रोहिणी म्हणाली.

मॅडम द्राक्षं बांधावरच विसरून घरात आल्या. ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं की लांब पल्ल्याचं पोहणं असतं. आधी धरणात चाचणी होते, संघटना तिथून गट निवडते, आणि मग धरमतरहून मुंबईच्या गेटवेपर्यंत समुद्रातून.

रोहिणीचा नवरा नवनाथ सातपूरला कारखान्यात शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात बाग करतो. त्याने विचार करून विचारलं, "पन तिकडून लाँच येती ना मुंबईला?"

"येते."

"मंग?"

रोहिणी दाराआडून म्हणाली, "मला जायचंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात कुणी तिच्या तोंडून 'मला' हा शब्द ऐकला नव्हता. बयाबाईच्या हातातलं लसणाचं कांडं तसंच राहिलं. सगळ्यांनी सहादूकडे बघितलं. या माणसाने थोरल्या लेकीला सायकल शिकू दिली नव्हती.

सहादूने तंबाखू मळली. बराच वेळ मळली.

"पोहू द्या," तो म्हणाला.

"आवो, पन..." बयाबाई.

"पोहू द्या म्हनलं ना." मग त्याने टोपी सारखी केली. "फकस्त एक. पोचली का सगळ्यांदेखत रीतीनं पाया पडायचं. समुद्रात गेली म्हनून रीत सोडायची नाय."

"तेवढं चालेल," मॅडम हसून म्हणाल्या. पुढे त्यांना या हसण्याचा पस्तावा झाला.

*

बयाबाई पहिल्यांदा बांधावर बसली ती राखण म्हणून. सून त्या ट्यूबमध्ये पोहत असताना तिकडून कुणी गडी जाऊ नये. बसून बसून कंटाळा आला म्हणून ती बघू लागली. बघू लागली म्हणून चुका दिसू लागल्या.

मॅडमनी सांगितलं होतं, तोंड पाण्यात, अंग आडवं, श्वास कुशीवरून. रोहिणी पाच हात नीट मारायची आणि मान पुन्हा म्हशीसारखी वर.

"मुंडी!" बयाबाई ओरडायची. "मुंडी घाल खाली! म्हशी माहेरी ठिव!"

बागेत मणी विरळायला आलेल्या बाया सुरुवातीला दचकायच्या आणि सगळ्या मिळून माना खाली घालायच्या.

तळं चौकोनी. एका कडेकडून दुसरीकडे जायचं, कागदाला पाय टेकवून वळायचं, पुन्हा यायचं. पहाटे गाईची धार, भाकरी, मग पाणी. दुपारी घडांना कागद लावायचे, मग पुन्हा पाणी. सुट्टीच्या दिवशी नवनाथ तिला मोटारसायकलवरून शहरातल्या तलावावर सोडायचा. तिथलं पाणी निळं. "फिनेल टाकलंय वाटतं," ती घरी येऊन म्हणाली.

अंगावर चरबी पाहिजे, लांबच्या पाण्यात गारठा हाडात जातो, असं मॅडम एकदाच बोलल्या. बयाबाईने ते मनावर घेतलं. तूप, शेंगदाण्याचे लाडू, नागलीची पेज. रोहिणीचे दंड भरले, खांदे रुंदावले, ब्लाउजच्या बाह्या उसवल्या. शेजारची मंगलाबाई एक दिवस तिच्याकडे खालून वर बघत म्हणाली, "काय गं, गोड बातमी का काय?"

"बातमी खारट हाय," बयाबाई म्हणाली. "समुद्राची."

काखा आणि मान घासून सोलवटायची. मॅडमनी व्हॅसलीन सांगितलं. डबी संपली तेव्हा बयाबाईने लोणी चोळलं. नवनाथने तळ्यात रोहू मासे सोडले होते, ते मागे लागले. त्या दिवशी मॅडम बांधावर घड्याळ घेऊन उभ्या होत्या.

"वेग केवढा वाढला! काय केलं?"

"लोनी," बयाबाई म्हणाली.

*

पहिली चाचणी फेब्रुवारीत झाली. धरणाच्या भिंतीकडून निघायचं, पार फुगवट्याच्या टोकाला वळसा घालून रोहिणीच्या माहेरच्या काठावर दोन झेंड्यांच्या मध्ये बाहेर पडायचं. होडी चंदरची. चंदर म्हणजे तिचा चुलतभाऊ, वयाने धाकटा. होडीत एका टोकाला बयाबाई, झेल्याच्या जाळीत पेजेची बाटली घालून पाण्यावर धरायला. दुसऱ्या टोकाला संघटनेचे निरीक्षक रविराज सर, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांचं काम एकच, हात लागतो का ते बघणं.

पाणी गार होतं. उन्हं वर आली, डोक्यावर आली, कलली. रोहिणी पोहत होती. बाकीच्यांपैकी तिघं पोहणारे मधूनच आपापल्या होडीत चढले आणि कांबळी पांघरून बसले. रोहिणी पाठीवर उलटायची, जाळीतली बाटली घ्यायची, पेज प्यायची, बाटली जाळीत टाकायची आणि निघायची.

"खारट झाली का गं?" बयाबाई विचारायची.

"बरी हाय."

"बोलायचं नाय असा नियम नाय ना?" बयाबाईने सरांना विचारलं.

"नाही. फक्त स्पर्श."

"मंग ऐक गं, मंगलाबाईची लेक आली बाळंतपनाला..."

काठावर गाव लोटलं होतं. सहादू गर्दीच्या पुढे होता, कारण तो नेहमीच पुढे असतो. पुढे म्हणजे पाण्याच्याही पुढे. चपला काढून, धोतर उचलून, घोट्याएवढ्या पाण्यात, पाय जुळवून उभा.

रोहिणी उभी राहिली तेव्हा ओठ निळे पडले होते. पाय तिचे नसल्यासारखे लटपटत होते. समोर काय आहे ते तिला दिसत होतं की नाही कुणास ठाऊक. पण स्वच्छ पाण्यात जुळवलेले दोन पाय दिसले. ती वाकली आणि दोन्ही हातांनी तिने ते धरले.

"हं. सुखी राहा," सहादू म्हणाला.

शिट्टी वाजली. लोकांना वाटलं जिंकली. टाळ्या पडल्या.

"बाद," रविराज सर म्हणाले.

"काय?"

"पाण्यात असताना माणसाला हात लावला."

"मानसाला कुठं लावला?" नवनाथ गर्दीतून पुढे आला. "पायाला लावला."

"पाय माणसाचाच आहे ना?"

"आहो पन आधार नाय घेतला, नमस्कार केला! फरक हाय का नाय?"

सरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मनापासून शोधलं. "यात नमस्काराबद्दल काही दिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "हे लिहिणाऱ्यांकडे बहुतेक पाया पडत नसावेत."

रोहिणी कांबळ्यात गुंडाळून बसली होती. तिला काय झालं ते घरी पोचेपर्यंत नीट कळलं नाही. कळलं तेव्हा तिने उठून गाईला वैरण टाकली.

*

पुढच्या आठवड्यात सहादू बाजाराला गेला.

"नाना, पाय आनलेत का बरूबर? का घरीच ठिवले?"

त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं. मग एका लग्नात तो मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. पहिलाच पोरगा वाकायच्या आधी जमिनीला बोट लावून म्हणाला, "कोरडं हाय ना नाना?" मागची पोरं हसली. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याने चवड्यांवर बसून माती चाचपली.

सहादूने चपला घातल्या आणि जेवायच्या आधी घरी आला. त्यानंतर तो लग्नांना मागच्या रांगेत बसू लागला, पाय खुर्चीखाली ओढून.

*

"मे महिन्यात एक चाचणी आहे," मॅडमनी फोनवर सांगितलं. "गटात एकच जागा उरली आहे. ती भरली की संपलं."

रोहिणी म्हणाली, "मी येते."

एप्रिल लागला. द्राक्षाची खरड छाटणी झाली. वेली नागव्या उभ्या राहिल्या आणि पाणी मागू लागल्या.

"मोटार लावू नका आज."

"बाग वाळंल, रोहिणी."

"कालच दिलं ना पानी."

"काल वरच्या तुकड्याला दिलं. आज खालच्याला."

"माझे हात कागदाला घासतेत. ढुंगनाएवढं पानी राहिलंय."

"मंग बस त्यात. आंघोळ कर."

"मी पानी पिऊन टाकत नाय. तुमची बाग पिती. मला नुसतं ठिवायला पाहिजे."

"कुठं ठिवू? खिशात?"

नवनाथने मोटार लावली. रोहिणी तळ्यात उतरली. तळं तासातासाला खाली जात होतं आणि ती त्यात पोहत होती. शेवटी गुडघे टेकले. रोहू पोटाखालून तडफडत गेले. ती उभी राहिली, घोट्याला चिखल, आणि तिने त्या कडेच्या टायरला एक लाथ घातली. टायर मोठा होता. तिचंच बोट सुजलं.

बयाबाई बांधावरून हे बघत होती. ती घरात गेली, पिशवीत दोन लुगडी भरली, झेला घेतला आणि बाहेर आली.

"कुठं?" सहादूने विचारलं.

"हिच्या माहेरी. धरनात पानी हाय."

"किती दिस?"

"चाचनी होस्तोवर."

सासूने सुनेच्या माहेरी जाऊन राहायचं, तेही सुनेला घेऊन, असं गावात कुणी केलं नव्हतं. सहादूने तोंड उघडलं. बयाबाई दारात थांबली होती, हातात सरळ उभा झेला. त्याने तोंड मिटलं.

मग घरात बाप आणि लेक राहिले. नवनाथ शिफ्टवरून यायचा तेव्हा सहादू चुलीपुढे बसलेला असायचा. त्याच्या भाकरीला कडा नव्हत्या. एक गाईला टाकली तर तिने हुंगून तोंड फिरवलं.

"आपन इतके दिस सुनंच्या हातचं खात आलो," सहादू त्या भाकरीकडे बघत म्हणाला, "आन् म्या तिच्यावर बाद आनला."

"तुम्ही नाय आनला."

"पाय कुनाचे व्हते?"

नवनाथने भाकरी पाण्यात भिजवून खाल्ली.

*

धरणाच्या काठावर मॅडमच्या लक्षात एक गोष्ट आली. रोहिणी दमली की वाकायची. ताजी असताना नाही. पण दिवसभर पोहून बाहेर आली की डोकं बंद, पाय आपोआप पुढे, कंबर आपोआप खाली. समोर जे उभं असेल त्याच्या पाया पडायची. मॅडमच्या पडली. होडी बांधायच्या खुंटाच्या पडली. एकदा चंदर पुढे आला तर त्याच्या पडली. धाकटा भाऊ तो, घाबरून उलट तिच्याच पाया पडला. दोघं बराच वेळ पाण्यात एकमेकांपुढे वाकलेले होते.

"रोहिणी, हे डोक्यातून काढ."

"डोक्यात नाही मॅडम. कमरेत हाय."

मग रोज संध्याकाळी तालीम. रोहिणीने दमून बाहेर यायचं, बयाबाईने समोर उभं राहायचं आणि ती वाकली की झेल्याने पाठीत टोचायचं. बयाबाई इतक्या मन लावून टोचायची की रोहिणीचे आईवडील बघवत नाही म्हणून घरात जायचे. शेवटी मॅडमनी सोपं केलं. त्या दिवशी काठावर तिच्यापेक्षा मोठं कुणी उभंच राहायचं नाही. सगळे मोठे गावात, कोरड्यात.

नवनाथने हे बापाला सांगितलं.

"मी येतच नाय," सहादू म्हणाला. "हे पाय घेऊन कुठं जाऊ?"

*

चाचणीच्या दिवशी सकाळ शांत होती. रोहिणी धरणाच्या भिंतीकडून निघाली. चंदर वल्हं मारत होता, कारण होडीचं इंजिन आदल्या दिवशी रुसलं होतं. बयाबाई झेला धरून. रविराज सर शिट्टी धरून.

दुपारी पश्चिमेचं वारं सुटलं.

मे महिन्यातलं हे वारं पाणी उभं करतं. लाटा तोंडावर येऊ लागल्या. पेजेची बाटली जाळीतून उडाली आणि सरांच्या मांडीवर सांडली. चंदर वल्ह्याला लोंबकळला तरी होडी आडवी होत गेली, मागे पडली. रोहिणी एकटी पुढे. मान खाली, अंग आडवं, मॅडमनी शिकवलं तशी, आणि जिथे जायचं त्याच्यापासून हळूहळू बाजूला.

"मुंडी!" बयाबाई उठून उभी राहिली. होडी डगमगली. "मुंडी वर! वर काढ! म्हशीवानी बघ!"

वाऱ्याने ते ऐकू दिलं नसेल. पण रोहिणीने मान वर काढली. नाक, डोळे. काठ दिसेना. धूळ उडत होती. दोन झेंड्यांतला एक पडला होता, दुसरा काठीला गुंडाळला होता. सगळीकडे काळा गाळ. आणि त्या काळ्यात एकच पांढरं काहीतरी.

तिने ते नजरेत धरलं आणि निघाली.

पांढरं ते सहादू होता. येत नाही म्हणालेला सहादू नवनाथच्या मागे मोटारसायकलवर बसून आला होता, लांबच उतरला होता आणि झेंड्यांपासून पार दूर, चंदरच्या टरबुजांच्या पलीकडे, कुणाला दिसू नये म्हणून गाळाच्या कडेला उभा होता. धुवट धोतर, धुवट सदरा, धुवट टोपी. लपायचं म्हणून त्याने नेहमीच्या जागेपेक्षा वेगळी जागा निवडली होती. कपडे नेहमीचेच होते.

आधी त्याला वाटलं ती झेंड्यांकडेच चालली आहे. मग कळलं.

"तिकडं!" तो ओरडला. "आगं तिकडं!"

त्याने टोपी काढून हलवली. रोहिणीला वाटलं बोलावतो आहे. ती सरळ त्याच्याकडे आली.

झेंड्यांच्या बाहेर निघालं की बाद, हे नवनाथने त्याला रस्त्यात सांगितलं होतं. सहादूने एकदा पायांकडे बघितलं. मग धोतर खोचलं आणि पळाला.

गुडघा दुखणारा माणूस काठाकाठाने, पाण्याच्या कडेने पळत होता, कारण वर टरबुजाचे वेल थेट झेंड्यांपर्यंत पसरले होते. डावी चप्पल आधी गेली. उजवी दहा पावलांनी. टोपी हातात, हात वर. पाण्यात रोहिणी त्याच्या बरोबरीने वळली. तो पळेल तशी ती पोहत होती. गावातली पोरं झेंड्यांपाशी होती, तीच, मांडवातली. त्यांनी सहादूला येताना बघितलं आणि कुणाला हसायचं सुचलं नाही.

"उभा करा रं झेंडा!" सहादू ओरडला. कुणीतरी पडलेला झेंडा उचलून धरला. दोन झेंड्यांच्या मध्ये येऊन तो थांबला. छाती भात्यासारखी हलत होती. आणि थांबल्याबरोबर, सवयीने, त्याचे पाय जुळले.

रोहिणी उभी राहिली. कमरेएवढं पाणी, मग मांडीएवढं. डोळे उघडे पण रिकामे. ती पुढे आली, आणि समोर घोट्याएवढ्या पाण्यात जुळवलेले दोन पाय होते.

ती वाकू लागली.

मागून होडी लागत होती. रविराज सर पुढच्या टोकाला ओणवे, शिट्टी ओठांत. बयाबाईने झेला लांब केला, पुरला नाही.

सहादू एक पाऊल मागे सरला.

रोहिणी वाकलेलीच पुढे आली. सहादू आणखी मागे. "नको," तो म्हणाला. "पोरी, नको. ये, पन धरू नको." दोन हात पुढे, कमरेत मोडलेली, ती येत होती. तो उलटा चालत होता, मग उलटा पळत. सगळं आयुष्य तो पाय पुढे करून उभा राहिला होता. आता तो ते पाय घेऊन सुनेपासून पळत होता, भर गावादेखत, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, पण झेंड्यांच्या आतच.

"वर घ्या नाना! वर!" पोरं ओरडली. "पानी हाय आजून!"

ओला गाळ आला. रोहिणी पडली. गुडघ्यांवर आली. हातापायांवर येऊ लागली. सहादू मागे, मागे, आणि त्याची टाच टरबुजाच्या वेलात अडकली. तो मटकन बसला, टरबुजावर. टरबूज फुटलं.

आता त्याला मागे जाता येत नव्हतं. त्याने पाय पोटाशी ओढून घेतले आणि दोन्ही हातांनी कवटाळले.

रविराज सर होडीतून उडी मारून आले. त्यांनी वाकून बघितलं. रोहिणीचे दोन्ही पाय पाण्याच्या बाहेर होते. त्यांनी आणखी एकदा बघितलं. मग शिट्टी वाजवली, लांब, फुफ्फुसात होती नव्हती तेवढी हवा घालून.

"झालं?" सहादूने विचारलं.

"झालं."

"नक्की? का पुना पुस्तक काढता?"

"झालं, नाना."

सहादूने मिठी सोडली. पाय पुढे केले. एक गाळाने काळा, एक टरबुजाने लाल. रोहिणीने त्यावर डोकं टेकवलं आणि तिथेच राहिली.

"हं," सहादू म्हणाला. धाप लागली होती. त्याने तिच्या ओल्या डोक्यावर टोपी ठेवली, ऊन लागू नये म्हणून.

चंदर होडी ओढत वर आला. त्याने आपल्या टरबुजांकडे बघितलं, वेलांकडे बघितलं. "बसायला दुसरी जागा नव्हती का मामा?" तो म्हणाला. मग खाली बसून त्याने फुटलेलं टरबूज सगळ्यांना वाटलं. सर आधी नको म्हणाले. मग दोन फोडी खाल्ल्या.

*

त्या हिवाळ्यात रोहिणी धरमतरहून गेटवेपर्यंत पोहत गेली. पायऱ्या चढून आली तेव्हा सहादू सगळ्यात वरच्या पायरीच्याही मागे, भिंतीला पाठ लावून, नव्या चपला घालून उभा होता. मधल्या सगळ्या पायऱ्या ओल्या होत्या.

*

शेततळ्यात पाणी भरलं त्या पहिल्या वर्षी, मोटार अडायच्याही आधी, सहादू कागदावरून घसरून डोक्याकडून आत गेला होता. बांधावर तेव्हा फक्त रोहिणी होती, आणि तिने त्याला दोन्ही पायांना धरून बाहेर काढलं होतं.